लामोंटचा गुडघा

उबाल्दिना तेर्रासासला बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. शिट्टी का वाजली, पंच हात का हलवतोय, हे तिला दहा वर्षांत उमगलं नाही. पण आर्रिएरोस संघातला कोण सकाळी किती अंडी खातो, कुणाला कच्चा कांदा बाधतो, कुणाची बायको रुसून माहेरी गेली आहे आणि कोण हरल्यावर दोन दिवस धड जेवत नाही, हे तिच्याइतकं संघाच्या कोचलाही ठाऊक नसे. तिला त्याचा अभिमान होता. पुढे जे झालं, ते त्या अभिमानापायीच झालं, असं ती म्हातारपणी म्हणायची.

चिवावा राज्याच्या डोंगरात सान ओनोफ्रे हे खाणीचं गाव. रेल्वे यायच्या आधी इथलं खनिज खेचरांच्या पाठीवरून खाली जायचं. म्हणून संघाचं नाव आर्रिएरोस, म्हणजे खेचरं हाकणारे, आणि छातीवर लांब कानांचं खेचर. पाहुण्या संघाचा खेळाडू फ्री थ्रो टाकायला उभा राहिला की पत्र्याच्या छपराखाली बसलेली तीन हजार माणसं एकदम खेचरासारखी ओरडत. राजधानीचे खेळाडू म्हणत, सान ओनोफ्रेत खेळण्यापेक्षा दात काढून घेतलेला बरा.

उबाल्दिनाचा नवरा त्रिनिदाद बावीस वर्षं खाणीत होता. धुळीने छाती गेली आणि पाठोपाठ तोही गेला. मुलगी नोएमी क्वाउतेमोकला शाळेत इंग्रजी शिकवायची. मागे राहिलेल्या उबाने स्टेडियमसमोरच्या आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत चार टेबलं टाकली आणि खाणावळ काढली. संघ उभा राहिला त्या वर्षी संघाचा अध्यक्ष स्वतः तिच्या दारात आला. गास्पार ओलिवास त्याचं नाव, पण गावात सगळे त्याला इंजिनिअरच म्हणत, आणि उबाला मानाने दोन्या, म्हणजे बाईसाहेब.

"दोन्या उबा, माझे बारा घोडे आहेत. त्यांच्या चाऱ्याचं बघाल का?"

"घोडे की खेचरं, ते आधी ठरवा, इंजिनिअर. खेचरं जास्त खातात."

तो मोठ्याने हसला आणि काम ठरलं. जेवण खाली, आणि माडीवरच्या दोन खोल्या परदेशी खेळाडूंसाठी. संघात परदेशी माणसांना मोजक्याच जागा असत. नवा कुणी उतरला की जुन्यातला एक गेलाच समजायचं. कुणी सहा आठवडे टिकायचा, कुणी सहा दिवस. सकाळी माणूस दिसायचा आणि दुपारी त्याची बॅग दाराशी असायची. उबा चादरी काढून धुवायला टाकायची, खिडकी उघडायची आणि पुढच्याची वाट बघायची. जीव लावायचा नाही, हे तिने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

मग २००६ च्या सप्टेंबरात लामोंट पर्डी आला.

अलाबामाचा, बत्तीस वर्षांचा, दारातून आत येताना मान तिरकी करावी लागेल इतका उंच. सहा देशांत खेळून झालेलं. बास्केटखाली उभं राहून धक्के खायचे आणि उडालेला चेंडू ओढून आणायचा, हे त्याचं काम. पहिल्या सकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला आणि कुठल्याशा पुस्तकातून पाठ केलेलं वाक्य त्याने म्हणून दाखवलं.

"बाई, मी भूक आहे."

"ते दिसतंयच," उबा म्हणाली. "बस. आणि दिव्याला डोकं आपटू नकोस."

त्याने ते आपटलंच. मग त्या दिवशी दुपारी शिडीबिडी न घेता, नुसता हात वर करून, त्याने तो दिवा वीतभर वर बांधून दिला. पलंग त्याला आखूड पडायचा, पाय लाकडी खोक्यावर टेकून झोपायचा. आठवडाभराने उबाने नाबोर सुताराला बोलावून पलंग दोन विती वाढवून घेतला. नाबोर म्हणाला, "हा महिनाभरात जाईल, मग या पलंगावर काय गाढव झोपवणार?" उबा म्हणाली, "तू झोप येऊन. जागा पुरेल."

पण लामोंट महिनाभरात गेला नाही. वर्षभरात गेला नाही. पुढच्या सप्टेंबरात परत आला, तेव्हा उबासाठी त्याने आईच्या हातचा पीचचा मुरंबा आणला होता, आणि तेव्हापासून तो तिला "उबाआई" म्हणू लागला. भाषा त्याला शेवटपर्यंत नीट आली नाही. बाईला "तो" म्हणायचा, पुरुषाला "ती". "उबाआई फार चांगला आहे," असं तो बाजारात सगळ्यांना सांगायचा, आणि भाजीवाल्या बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या. तिच्याकडून तो तोर्तिया लाटायला शिकला. त्याची तोर्तिया कधी गोल झाली नाही. उबा म्हणायची, "हा कुठल्या देशाचा नकाशा केलास?" तो गंभीरपणे बघून म्हणायचा, "अलाबामा."

रविवारी चर्चहून आल्यावर तो खाणावळीतल्या फोनजवळ खुर्ची ओढून बसायचा. जनाया, त्याची मुलगी, तिच्या आईकडे राहायची. पहिल्या वर्षी ती सहा वर्षांची होती. तिने बापाला खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. तो कायम समुद्रापलीकडे नाहीतर सरहद्दीपलीकडे. फोन ठेवल्यावर तो थोडा वेळ तसाच बसून राहायचा. उबा कॉफी आणून ठेवायची.

तिसऱ्या हंगामात तो आला तेव्हा पहिल्याच जेवणाला त्याने बातमी सांगितली. जनाया येणार होती. नाताळच्या सुट्टीत, आईबरोबर विमानाने चिवावा शहरापर्यंत, आणि वीस डिसेंबरचा सामना बघणार होती.

"उबाआई, मी म्हातारा. हा शेवटचा वर्ष. ती एकदा बघू दे. मग मी घरी जातो."

"चौतिसाव्या वर्षी म्हातारा! मग मी कोण रे?"

"तू पिरॅमिड."

तिने त्याच्या पाठीत लाटणं हाणलं. दुसऱ्या दिवशी ती संघाचे गणवेश शिवणाऱ्याकडे गेली आणि आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचा शर्ट शिवायला टाकून आली. पुढे खेचर, मागे चव्वेचाळीस, तोच लामोंटचा आकडा, आणि वर जनायाचं नाव. शिंप्याने तीनदा विचारलं, हे नाव कसं लिहायचं. उबाने कागदावर लिहून नेलं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी, ती मागच्या अंगणात बादली घेऊन उभी होती. माडीचा जिना घराबाहेरून अंगणात उतरायचा. लामोंट वरून येत होता. त्याला वाटलं अंगणात कुणी नाही. तो उलटा उतरत होता. तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कठड्यावर, लहान मूल उतरतं तसा, आधी उजवा पाय, मग डावा त्याच्या शेजारी टेकवायचा, मग पुन्हा उजवा. प्रत्येक पायरीला थांबत होता. खाली आल्यावर तो वळला आणि त्याला ती दिसली.

मग त्याने पँट वर ओढून तिला उजवा गुडघा दाखवला. सुजून कलिंगडासारखा टम्म झाला होता.

"किती दिवस?"

"उन्हाळा सगळा."

"आणि खेळतोस कसा?"

त्याने खिशातून गोळ्यांची बाटली काढून हलवून दाखवली. सामन्याआधी चार, मध्ये दोन. गोळी लागू झाली की दोन तास काही कळत नाही. मग कळतं.

"डॉक्टरला दाखव."

"डॉक्टर क्लबचा. डॉक्टर बघितला की मी संपला." तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला, तरी त्याचं डोकं तिच्या खांद्याला लागत होतं. "उबाआई, दोन महिने. डिसेंबर. ती बघते. मग मी स्वतः सांगतो. तू कुणाला बोलू नको. बोल, हो."

उबाने बादली खाली ठेवली. "हो," ती म्हणाली. "नाही सांगणार."

ती रोज सकाळी त्याला गरम पाण्याच्या पट्ट्या करून देऊ लागली. अर्निकाची पानं उकळून लावली. सूज एक दिवस उतरायची, दोन दिवस चढायची. जेवताना तो टेबलाखाली पाय लांब करून बसायचा आणि कुणी जवळून गेलं की पटकन आत घ्यायचा. तिला घास गोड लागेना. अशीच एक बाई तिच्या माहितीत होती, गुडघ्याचं दुखणं अंगावर काढलं आणि पाय मांडीपासून कापावा लागला. रात्रंदिवस उबाच्या डोळ्यांसमोर तेच यायला लागलं.

ऑक्टोबर संपता संपता संघ ओळीने चार सामने हरला. त्या मंगळवारी दुपारची गर्दी ओसरल्यावर इंजिनिअर खाणावळीत आला. एरवी तो दाराशीच उभा राहून "काय म्हणतात आपली पोरं?" असं विचारायचा, उबा चुलीजवळूनच चार गोष्टी सांगायची, आणि तो पुढे जायचा. त्या दिवशी त्याने टोपी काढली, एक खुर्ची स्वतःसाठी ओढली आणि दुसरी तिच्यासाठी.

"बसा, दोन्या उबा. सारखं उभंच असता."

तिच्या खाणावळीत तिला बसा म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. तिने एप्रनला हात पुसले आणि ती बसली. त्याने तिच्या लाल मिरचीच्या मटणाची तारीफ केली. मग म्हणाला, "कोच मला कागद दाखवतो. इतके गुण, तितके रिबाउंड. कागदावरून माणूस कळतो का? या पोरांना तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. तुम्हीच सांगा, काय चुकतंय आपलं?"

आपलं, म्हणाला तो. उबा सांगू लागली. की चावा केसादा, तो चेंडू पुढे घेऊन जाणारा बुटका खेळाडू, त्याचं घरी भांडण चालू आहे. की त्या उंच पोराला बसमध्ये झोप लागत नाही. इंजिनिअर ऐकत होता, मान हलवत होता, मधूनच "अरेच्चा, हे मला माहीतच नव्हतं," म्हणत होता. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "आणि लामोंट? जरा मंदावलाय, नाही?"

ती थांबली. तिला अंगणातला शब्द आठवला. तिला मांडीपासून पाय कापलेली ती बाईही आठवली.

"मी सांगते," ती म्हणाली, "पण त्याला चिवावाला हाडांच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं. शब्द द्या मला."

"दिला शब्द."

आणि तिने सगळं सांगितलं. गोळ्या सांगितल्या. सूज सांगितली. जिना सांगितला, कसा उलटा उतरतो, कसा प्रत्येक पायरीला थांबतो. सांगता सांगता उठून करूनही दाखवलं. इंजिनिअर कपातला चमचा फिरवत राहिला.

"दोन्या उबा," निघताना तो म्हणाला, "आईने करावं तसं केलंत तुम्ही."

त्याने शब्द पाळला. गुरुवारी क्लबची गाडी लामोंटला चिवावाला घेऊन गेली. लामोंटला सांगितलं होतं की सगळ्यांचीच तपासणी आहे. उबाने त्या दिवशी मेणबत्ती लावली. तिला वाटलं, आता औषधपाणी होईल, डिसेंबरपर्यंत उभा राहील. शनिवारी सकाळी त्याला कचेरीत बोलावलं आणि डॉक्टरचा कागद समोर ठेवला. खेळायला अपात्र. करार संपला. उद्याच्या बसची सोय केली आहे.

तो दुपारी आला आणि आपल्या नेहमीच्या टेबलाशी बसला. उबाने हाडांचा रस्सा वाढला. त्याने चमचा उचलला नाही.

"जिना," तो म्हणाला. "इंजिनिअर बोलला, तू जिना उलटा उतरतो. हे त्याला कुणी बोलला?"

खोटं बोलायला तिला वेळ होता. शेजारच्या खिडकीतून कुणी बघितलं असेल, इतकं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पुढे कितीदा तरी तिला वाटलं, म्हणायला हवं होतं, निदान तो आई हा शब्द बरोबर घेऊन गेला असता.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "लेकरा, तुझ्या भल्यासाठीच. तो म्हणाला डॉक्टर दाखवतो, मला वाटलं औषध..."

लामोंट तिच्याकडे बघत राहिला. रागाने नाही. हिशेब न जुळलेला माणूस बघतो, तसा.

"दोन महिने म्हणालो होतो मी," तो म्हणाला. "तू हो म्हणालीस."

आयुष्यात पहिल्यांदा त्याचं व्याकरण बरोबर आलं होतं. मग तो उठला आणि कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, माडीवर गेला. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी दोनच्या बसला नाबोर सुतार आला होता, चावा केसादा आणि आणखी दोघं खेळाडू आले होते. क्लबचं कुणी नव्हतं. उबा सारण भरलेल्या पोळ्यांचे बुरितो बांधून घेऊन गेली, दहा, कारण वाटेत सरहद्दीपर्यंत चांगलं खायला मिळत नाही. पिशवीत तळाशी तो लहान शर्टही होता. तो तिने बाहेर काढलाच नाही. काय म्हणून देणार होती? वीस डिसेंबरला मुलगी कुणाचा खेळ बघायला येणार होती?

लामोंटने बुरितोचं गाठोडं घेतलं, मान लववली आणि म्हणाला, "आभारी आहे, बाई."

दोन वर्षांत तो तिला बाई म्हणाला नव्हता. त्या पहिल्या सकाळी म्हणाला होता तेवढाच. बस गेली. नाबोर म्हणाला, "चला दोन्या उबा, घरी सोडतो." ती म्हणाली, तू हो पुढे, आणि स्टँडवरच्या बाकावर जुआरेसहून येणारी पुढची बस येईपर्यंत बसून राहिली. त्या बसमधून टेक्ससचा एक उंच, पिंगट केसांचा माणूस उतरला आणि आर्रिएरोसचं स्टेडियम कुठे म्हणून विचारू लागला. तीच त्याला घेऊन गेली. चादरी बदलायच्या राहिल्या होत्या.

टेक्ससवाला चांगला निघाला, हे आणखी वाईट. संघ जिंकू लागला. डिसेंबरात स्टेडियमचे पत्रे उडतील असं लोक ओरडत होते, आणि बाजारात जो तो म्हणायचा, इंजिनिअरने वेळेत बरोबर केलं बघा. वीस तारखेच्या सामन्याला उबा गेली. कोर्टाकडे तिचं लक्ष नव्हतं. समोरच्या बाजूला आठनऊ वर्षांची एक मुलगी बापाच्या खांद्यावर बसून त्याचे कान धरून ओरडत होती, उबा सबंध वेळ तिच्याकडेच बघत बसली. कोण जिंकलं ते तिला दुसऱ्या दिवशी खाणावळीत कळलं.

पाद्रीबाबांपाशी तिने कबुली दिली. ते म्हणाले, हेतू चांगला होता, मुली, देव हेतू बघतो. ती घरी आली, पण मन हलकं झालं नाही.

जानेवारीत नोएमी आली तेव्हा उबाने तिच्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. नोएमीने तीनदा फाडून लिहिलं, कारण उबा दर वाक्याला म्हणायची, "असं नको, यात मी शहाणी वाटते." शेवटी चारच ओळी उरल्या. चुकलं. तुला दिलेला शब्द मी मोडला. गुडघा कसा आहे. हा शर्ट जनायासाठी शिवला होता, तिला दे. क्लबच्या कचेरीत चेला नावाची बाई होती, तिने गुपचूप पत्ता दिला.

एप्रिलमध्ये उत्तर आलं. एक फोटो, शाळेच्या जिममध्ये मुलांच्या घोळक्यात उभा असलेला लामोंट, हातात काठी. मागे इंग्रजीत चार वाक्यं. ऑपरेशन झालं. आता इथे शिकवतो. जनाया शर्टाबद्दल आभार मानते. तिला तो थोडा घट्ट होतो. खाली पूर्ण नाव, लामोंट पर्डी.

"बरं लिहिलंय की," उबाने अक्षर अक्षर वाचून दाखवल्यावर नोएमी फोनवर म्हणाली.

"हो."

"मग रडतेस कशाला?"

"बँकेला लिहितात तसं नाव लिहिलंय गं."

तिने आणखी दोन पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं नाही, दुसरं पत्ता बदलला असा शिक्का घेऊन परत आलं. पुढच्या हंगामापासून तिने माडीवरच्या खोल्या देणं बंद केलं. चेलाला सांगितलं, छत गळतं. छत गळत नव्हतं. जेवण मात्र ती देत राहिली, पण इंजिनिअर दाराशी उभा राहून "काय म्हणतात पोरं?" विचारायचा तेव्हा ती म्हणायची, "जेवतात." आणि कढईकडे वळायची. त्याच्या काही लक्षात आलं असेल, असं वाटत नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात संघच गेला. समुद्राकाठच्या एका शहराने परवाना विकत घेतला, आणि हे गावाला सकाळच्या पेपरात वाचून कळलं. माणसं स्टेडियमबाहेर जमली, काही जण रडले, काहींनी खेचरासारखं ओरडून पाहिलं, पण समोर ऐकायला कुणी नव्हतं. आता तिथे लग्नं लागतात. खेळाडू सामान घ्यायला आले त्या दिवशी उबाने शेवटचं जेवण घातलं. सगळे पांगल्यावर चावा केसादा मागे राहिला. त्याचेही केस आता पांढरे व्हायला लागले होते.

"दोन्या उबा, एक सांगू? अजून मनाला लावून घेता ते कळतं आम्हाला. लामोंटचा गुडघा गेलेलाच होता. तुम्ही सांगितलं नसतं तरी तो फार तर दोन महिने टिकला असता."

"माहीत आहे मला."

"मग?"

"दोनच महिने मागितले होते रे त्याने."

चावाने टोपी डोक्यावर चढवली, तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि गेला.

त्यानंतर सहा वर्षांनी इंजिनिअर तिला औषधाच्या दुकानात भेटला. खंगला होता, हातात काठी, पण तोंड तसंच गोड. तिच्या लाल मिरचीच्या मटणाची आठवण काढली. बोलता बोलता उबाने विचारलं, "लामोंट आठवतो का हो?"

"लामोंट..." त्याने डोळे बारीक केले. "डावखुरा होता, तो?"

"नाही. अलाबामाचा. ज्याचा गुडघा..."

"अहो, किती आले, किती गेले. नावं कुठली लक्षात राहतात." मग त्याने तिच्या हातावर मायेने हात ठेवला. "पण तुम्ही होतात म्हणून आमचं चाललं, दोन्या उबा. कोण दुखणं लपवतोय, कोण खचलाय, सगळं तुमच्याकडून वेळेत कळायचं. कितीजणांचं! आम्ही बैठकीत म्हणायचो सुद्धा, आधी खाणावळीत विचारून या."

तो मनापासून बोलत होता. उबा औषध न घेताच बाहेर पडली. घरी येऊन चुलीपुढच्या स्टुलावर बसली आणि आठवायला लागली, त्या दहा वर्षांत दाराशी उभ्या असलेल्या त्या माणसाला तिने चुलीजवळून काय काय सांगितलं होतं आणि कुणाकुणाची बॅग त्यानंतर दाराशी आली होती. आठवेना. काही नावं आठवली, काहींचे फक्त आवडीचे पदार्थ आठवले. कोण आपणहून गेला आणि कोण तिच्या शब्दावर गेला, हे वेगळं करायला काही साधन नव्हतं.

त्या शनिवारी नोएमी आली तेव्हा उबाने तिला सगळं सांगितलं, आणि जे आजवर पाद्रीबाबांनाही सांगितलं नव्हतं तेही सांगितलं.

"त्याच्या पायाची काळजी होती हे खरं. पण तेवढंच खरं नाही. त्या दिवशी इंजिनिअरने मला खुर्ची दिली गं. एवढा मोठा माणूस, मला विचारत होता. मला आणखी बसायचं होतं. सांगण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून मी ते सांगितलं."

"आई, झालं ते झालं. दहा वर्षं झाली."

"तुझ्या त्या फोनमध्ये माणसं सापडतात ना? शोध."

लामोंट पर्डी नावाची पुष्कळ माणसं सापडली, पण त्यातला एकही तो नव्हता. मग नोएमीने जनायाचं नाव टाकलं. ती सापडली. सतरा-अठरा वर्षांची, उंच, बापासारखंच कपाळ, कॉलेजच्या पायऱ्यांवर मैत्रिणींबरोबर बसलेली. उबाने चष्मा लावून तो फोटो बराच वेळ बघितला. बोटाने मोठा कसा करतात ते विचारून घेतलं आणि मोठा करून बघितला.

"काय लिहू?" नोएमीने विचारलं.

"लिही, सान ओनोफ्रेची उबाल्दिना विचारते, बाबा कसे आहेत." तिने चष्मा काढला. "आणि लिही की तुझे बाबा खेळायचे तेव्हा तीन हजार माणसं उभी राहायची. ते तिला दिसायला हवं होतं, ते माझ्यामुळे राहिलं."

नोएमीने तसंच लिहिलं आणि पाठवलं. रविवारी जेवताना फोन बघून ती म्हणाली, "आई, वाचलंय तिने. इथे खाली तशी खूण येते."

"काय म्हणाली?"

"काही नाही अजून. नुसतं वाचलंय."

नोएमी संध्याकाळच्या बसने क्वाउतेमोकला परत गेली. आठवडाभर उबा तिला रोज सकाळी शाळेच्या वेळेआधी फोन करून एवढंच विचारायची, आलं का काही? पुढच्या आठवड्यात तिने एकदाच विचारलं. मग फोनवर ती पाऊसपाण्याचं बोलू लागली, घेवड्याचा भाव काय झालाय ते सांगू लागली, आणि नोएमीनेही तो विषय काढला नाही.